मुरमाड वाट

चंद्रपूरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या गोदामात दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक काळी, जाड नळ्यांची, मागे लोखंडी पट्ट्यांचे रुंद कॅरिअर असलेली. तिची घंटी गंजून केव्हाच मुकी झाली आहे. दुसरी राखाडी, मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल असलेली, तीन वर्षांपूर्वी घेतलेली. पहिली आजोबांची, दुसरी नातवाची. दुसरी घरी आली त्या दिवशी दुकानातल्या जुन्या मुनीमजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "भैया, हिला कॅरिअर कुठे आहे? जिच्यावर गोणी बांधता येत नाही, ती सायकल घेऊन करायचे काय?" किंमत कळल्यावर ते काहीच बोलले नाहीत. मनातल्या मनात त्यांनी त्या रकमेची साखरेची पोती मोजली असावीत.

अशा सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. डांबरावर पळणारी शर्यतीची सायकल आणि डोंगरात उड्या घेणारी माउंटन बाइक यांच्या मधली ही जात. टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद, बहुधा ट्यूबविना. आत एक चिकट द्रव असतो, काटा रुतला तर तो छिद्र आपोआप बुजवतो. हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर खडीवर आदळत नाही, तिला धरून चालतो. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावाभोवतीच्या कच्च्या रस्त्यांवर २००६ मध्ये दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली, तेव्हा हा मूठभर हौशी लोकांचा खेळ होता. २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. डांबरी रस्त्यावर मोटारींची दाटी वाढली, म्हणून सायकलस्वार डांबर सोडून आडवाटेला लागले, इतकाच या खेळाचा साधा इतिहास.

नातवाला त्याची गोडी लागली ती मात्र वैद्यांमुळे. गल्ल्यावर दिवसाचे बारा तास बसणाऱ्या माणसाच्या रक्तात चौतिसाव्या वर्षी साखर सापडली. व्यापारी घरांत हा आजार आता वारशासारखा येतो आणि त्याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितले. त्याला चालण्याचा कंटाळा, म्हणून त्याने सायकल घेतली. वर्षभर बल्लारपूर, गोंडपिपरीकडचे शिवाररस्ते पालथे घातल्यावर त्याला भामरागडचे वेध लागले. कारण साधे होते. आजोबांची काळी सायकल त्याच बाजूला फिरली होती.

आजोबांना घरात सगळे बाबूजी म्हणत. त्यांचे पहिले दुकान आलापल्लीला होते. पावसाळा सरला, धान कापून झाले की ते सायकलवर मीठ, तंबाखू, आरसे, काचेचे मणी लादून पेरमिली-ताडगावच्या बाजूला आठवडी बाजारांना जात, तीन-चार दिवसांनी परतत. येताना कॅरिअरवर चारोळी, डिंक, हिरडा असे. बाबूजी वारले तेव्हा नातू नऊ वर्षांचा होता. त्यांच्याविषयी घरात एक वाक्य वारंवार ऐकू येई: बाबूजींची पायली कधी उणी भरली नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान सांगितले आहे, देताना कमी माप आणि घेताना जास्त माप. बाबूजींनी ते आयुष्यभर पाळले, मीठ देण्याला आणि चारोळी घेण्याला एकच पायली वापरली. ती पितळी पायली आजही देवघराशेजारच्या फडताळात आहे.

डिसेंबरातल्या एका पहाटे नातू आणि बल्लारपूरचा त्याचा एक औषधविक्रेता मित्र दुकानाच्या पिकअपमध्ये सायकली टाकून निघाले. आष्टीला वैनगंगा ओलांडली. इथून खाली चपराळ्याजवळ वर्धा तिला मिळते आणि पुढे तिचेच नाव प्राणहिता होते. आलापल्लीपर्यंतचा हा रस्ता सायकलीचा नव्हे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज भरून येणाऱ्या ट्रकांची रांग त्यावर दिवसरात्र चालते. कडेच्या सागाची पाने तांबड्या धुळीने माखलेली असतात. रस्ता रुंद झाला म्हणजे तो गावासाठीच झाला असे नाही, एवढे त्या धुळीवरून कळते.

आलापल्लीला पिकअप परत पाठवली. बाबूजींचे दुकान होते तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. दोघांनी बाटल्यांत उकळलेले पाणी भरले, हँडलच्या पिशवीत खाखरे, सुखडी आणि खजूर ठेवले आणि भामरागडचा रस्ता धरला. अंतर सुमारे ६५ किलोमीटर. आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला आहे. जवळच सहा हेक्टरांच्या आसपासचा एक तुकडा मुद्दाम अस्पर्श राखला आहे, त्याला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात. २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. तिथली झाडे पाहायला मान इतकी मागे टाकावी लागते की डोक्यावरचे हेल्मेट पाठीला टेकते.

मुख्य रस्ता डांबरी आहे, कुठे चांगला, कुठे नुसता नावाचा. ग्रॅव्हलचे खरे वैभव त्याच्या दोन्ही अंगांना फुटणाऱ्या वाटांत आहे. लाकूड काढण्यासाठी वनखात्याने पाडलेले जुने रस्ते, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, गावाकडून गावाकडे जाणाऱ्या पायवाटा. तांबडा मुरूम पावसाळ्यानंतर बसलेला असतो, त्यावर सागाच्या वाळक्या पानांचा थर. त्यावरून चाक गेले की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. नाल्याजवळ अचानक बारीक वाळू लागते; तिथे ब्रेक लावला तर पडणे ठरलेले, पुढचे चाक सैल सोडून पायडल फिरवत राहायचे. मुनिमहाराज विहारात चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. सायकलस्वाराला चार हात पुरत नाहीत, चाळीस लागतात, आणि तरीही एखादा दगड नजर चुकवतो. पहिल्याच दिवशी मित्राचा गुडघा फुटला तो अशाच एका दगडाने.

पेरमिली, ताडगाव, कुडकेली. या वाटेवर गावांची नावे नाल्यांनाही आहेत आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रांत ती नाल्यांचीच म्हणून छापून येतात. हिवाळ्यात त्यांतून पोटरीभर पाणी वाहते, काठावर फुलपाखरे बसतात. ताडगावच्या पुढे गणवेशातल्या दोन मुली वाळूचा पट्टा चढताना दिसल्या. शाळेतल्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून मिळतात तशाच त्यांच्या सायकली होत्या, बारीक टायरच्या, एकाच गिअरच्या. नातू गिअर बदलत, धापा टाकत त्यांच्या मागे आला, तेवढ्यात त्याचे चाक वाळूत रुतले. मुली उतरल्या नाहीत. वाळूत सायकल कशी काढायची ते त्यांना ठाऊक होते. त्या कडेच्या गवतावर चाक घालून, हसत, पुढे निघून गेल्या. दीड लाखाची सायकल हातात धरून दोघे पाहत राहिले.

सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचे या नेमाने वेळ आखलेली होती, म्हणून चारच्या सुमारास ते हेमलकशाला पोहोचले. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. त्या दोघांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे सर्वश्रुत आहे. त्या काळी इथे पोहोचणे हेच मोठे काम होते. पावसाळा सुरू झाला की नाले भरत आणि मुलूख बाहेरच्या जगापासून तुटे. साधुसाध्वींचा चातुर्मास स्वेच्छेचा असतो, माडियांचा सक्तीचा. सायकलचे नाते आमट्यांच्या घराशीही आहे. बाबांनी १९८५ मध्ये काढलेल्या कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रेत आणि १९८८ च्या इटानगर ते ओखा यात्रेत तरुण सायकलींवरच निघाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात पर्लकोटेचा पूल ओलांडून ते भामरागडला आले. इथे पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात. संगमाच्या खडकांवर बसले की पलीकडे छत्तीसगड दिसते, झाडांची तीच रांग, तोच रंग. डिसेंबरातले ते निळे, संथ पाणी पाहून २०१९ च्या पावसाळ्यात याच नद्या बाजारपेठेतल्या दुकानांत पुन्हा पुन्हा शिरल्या होत्या हे खरे वाटत नाही. बाजारात एका किराणा दुकानदाराने त्यांना चहा पाजला. त्याने पावसाळ्याआधी माल कसा भरून ठेवायचा, मीठ-साखरेची पोती फळ्यांवर किती उंच चढवायची, याचे गणित सांगितले. ते नातवाला लगेच समजले. दोघे व्यापाऱ्यांची ती आपापसातली भाषा होती.

लाहेरीकडे निघण्यापूर्वी त्यांनी ठाण्यात नावे नोंदवली, वाट विचारून घेतली. हा भाग अनेक दशके नक्षलवादाच्या छायेत होता. रस्त्याच्या कामावरची यंत्रे जाळली जात, कंत्राटदार येईनासे होत. आता परिस्थिती बरीच निवळली आहे, तरी परक्याने इथे न विचारता पुढे जाऊ नये, सूर्यास्तापूर्वी परत यावे, आणि दिसेल त्याचे छायाचित्र काढू नये. रानातल्या वाटेला वनखात्याच्या माणसालाही विचारावे. जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने निवडावेत. मार्चपासून मोहफुलांचा हंगाम, मग तेंदूचा, आणि ऊन सायकलीला मानवणारे नसते.

लाहेरीच्या अलीकडे त्यांनी मुख्य रस्ता सोडला. दोन्ही दिवसांतली ही सर्वांत देखणी वाट. ऐन आणि बिजा यांच्या सावलीतून, बांबूच्या बेटांना वळसे घालत, तांबडा मुरूम हलक्या उतारावरून खाली जातो. एका बाजूला कापलेल्या धानाची बांधी, दुसऱ्या बाजूला दाट रान. तासभर एकही वाहन नाही. मित्र म्हणाला, "हा रस्ता आहे तसाच राहिला पाहिजे. इथे डांबर पडले की संपले." नातवाने मान डोलावली. त्याच्या मनातही तेच होते.

उताराच्या शेवटी नाला होता. त्यावर गावकऱ्यांनी बांधलेला बांबूचा पूल, माणूस जाईल एवढाच. काठावर एक म्हातारा कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. जोहार झाला. म्हाताऱ्याची नजर हँडलवरच्या छोट्या पडद्यावर गेली.

"रोडाचं माप घेऊन राहिले का जी?"

"नाही बाबा. असंच, फिरायला आलो."

"ते मग काय सांगते?"

"किती किलोमीटर झाले ते."

"मग मापच झालं न जी. किती भरले?"

"भामरागडपासून तेवीस."

म्हाताऱ्याने दांडा ठोकून पाहिला. "मागच्या सालीही एक साहेब मोजून गेला. तेवढेच निघाले होते." थोड्या वेळाने त्याने विचारले, "डांबर केव्हा येते?"

दोघांकडे उत्तर नव्हते. म्हातारा मग आपणहून बोलत राहिला, जणू मापाच्या साहेबाला सांगायचे राहून गेलेले आता सांगावे. दोन पावसाळ्यांपूर्वी सुनेला कळा लागल्या. खाटेला बांबू बांधून चौघांनी उचलली. या नाल्यापर्यंत आले. "पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं," तो म्हणाला, आणि पुन्हा कुऱ्हाडीकडे वळला. पुढे काय झाले ते त्याने सांगितले नाही आणि त्यांना विचारवले नाही. याच तालुक्यात २०२४ च्या जुलैमध्ये एका गर्भवतीला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून पाण्यापलीकडे न्यावे लागले होते, ते चित्र महाराष्ट्राने पाहिले आहे. जिथे जेसीबीही पोहोचत नाही तिथली चित्रे कोणी काढत नाही.

निघताना म्हाताऱ्याने नातवाच्या सायकलीच्या मागच्या चाकावर हात ठेवला. "पहिले एक सेठ येत होता सायकलवर. मीठ घेऊन. मी एवढासा होतो." त्याने कमरेएवढी उंची दाखवली. "काळी सायकल होती."

त्या काळी सगळ्याच सायकली काळ्या असत. बाबूजी भामरागडच्या पुढे कधी गेले होते की नाही, हे घरात कोणाला माहीत नाही. मीठ घेऊन जाणारे सेठही एकटेदुकटे नव्हते. नातवाने मिठाच्या बदल्यात काय देत होते एवढेच विचारले.

"चार. जेवढं मीठ, तेवढी चार." चार म्हणजे चारोळी.

परतीच्या तेवीस किलोमीटरांत दोघे फारसे बोलले नाहीत. मुरूम तोच होता, सावल्या लांबलेल्या होत्या, एका ठिकाणी मोर आडवा गेला.

घरी आल्यावर नातवाने माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. लाल कापडात बांधलेल्या, वाळवीने कडा खाल्लेल्या. बाबूजींचे अक्षर सुरेख. जमा-नाव्याच्या दोन रकान्यांत ओळीमागून ओळ उभी होती: मीठ पायली १, चारोळी पायली १. मीठ पायली ४, चारोळी पायली ४. कुठे खाडाखोड नाही, लबाडी नाही. जसे माप दिले तसे घेतले. आज चंद्रपूरच्या दुकानात चारोळी हजार रुपये किलोच्या पुढे आहे आणि मिठाचा पुडा तीस रुपयांच्या आत येतो. तेव्हाचे आकडे वेगळे असतील, पण दोघांमधले अंतर तेव्हाही काही थोडे नव्हते.

त्याने वही वडिलांसमोर ठेवली. वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली.

"तेव्हा तोच भाव होता."

"भाव ठरवत कोण होते, पप्पा?"

वडील लगेच बोलले नाहीत. ते स्वतः चाळीस वर्षे धान्यबाजारात बसले आहेत; भाव कसा ठरतो हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. शेवटी ते म्हणाले, "ज्याच्याकडे सायकल होती तो. रस्ता असता, दुसरा व्यापारी आला असता, तर भाव वेगळा झाला असता." मग थोडे चिडून, "पण त्या रानात मीठ दुसरे कोण नेत होते? साप, हिवताप, वाघ. बाबूजींना तीनदा हिवताप झाला. उगीच आपल्याच माणसाला पिंजऱ्यात उभे करू नकोस."

हे बोलणेही खोटे नव्हते. मिठावाचून माणसाचे चालत नाही आणि बाबूजींनी ते नेले. पायली पुरी भरली. पण रस्ता नव्हता म्हणून तो धंदा होता, आणि रस्ता नाही म्हणून आज नातवाला ती वाट सुंदर वाटली होती. आजोबांच्या नफ्याला आणि नातवाच्या आनंदाला भांडवल एकाच गोष्टीने पुरवले. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांच्या माळ्यांवर अशा वह्या असतील. त्या बहुधा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.

आता व्यवहार बदलला आहे, हेही नमूद केले पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे त्या गावाने आपला बांबू स्वतः विकला. जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आज तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. व्यापारी त्यांच्या दारात जातो, बोली लावतो आणि भाव पटला नाही तर हात हलवत परततो. नातवाने पुढच्या उन्हाळ्यात वडिलांना न विचारता एक गोष्ट केली. दुकानाला लागणारी चारोळी दलालाऐवजी त्याच भागातल्या एका गावातून, ग्रामसभेने सांगितलेल्या भावाने मागवली. किलोमागे बरेच जास्त पडले. वडिलांनी वहीत ती रक्कम पाहिली, पेन्सिलीने तिच्याखाली एक रेघ ओढली आणि काही म्हणाले नाहीत. ती रेघ नापसंतीची की नुसत्या पडताळणीची, हे अजून नक्की झालेले नाही.

गेल्या डिसेंबरात दोघे मित्र पुन्हा तिकडे गेले. लाहेरीच्या अलीकडच्या त्या वाटेवर सुरुवातीचे सात किलोमीटर खडी पसरून दाबलेली होती आणि त्यातल्या तीनांवर डांबर चढले होते. रोलर कडेला उभा होता, त्याच्या सावलीत मजूर जेवत होते. मुरमासाठी घेतलेले रुंद टायर नव्या डांबरावर भुणभुणत होते. मित्र म्हणाला, "आता इथे यायला साधी सायकलही चालेल." त्याच्या बोलण्यात थोडी हळहळ होती, ती नव्हतीच असे म्हणणे खोटे ठरेल.

उताराच्या शेवटी नाला तिथेच होता. म्हातारा दिसला नाही; एका मुलाने तो जावयाकडे गेला आहे असे सांगितले. पाण्यात पुलाचे दोन खांब उभे राहिले होते, त्यांच्या डोक्यांतून सळया वर निघालेल्या. बांबूचा पूल अजून शेजारीच होता. नातवाने पडद्याकडे पाहिले, तेवीस झाले होते. दोघांनी सायकली खांद्यावर घेतल्या आणि बांबूवरून एकामागून एक पलीकडे गेले.